उताण्या दगडांची वाट

माघ सरला होता आणि सड्यावरचं गवत वाळून सोनेरी झालं होतं. वर निरभ्र, निर्दय निळाई. खाली कृष्णवर्ण कातळ, दिगंतापर्यंत पसरलेला, तापलेला, तृषार्त. आणि त्या निळ्याकाळ्याच्या मधोमध एक बाई आणि तिची सायकल.

सडा म्हणजे कोकणच्या डोंगरांचा उघडा माथा. जांभ्या दगडाचा, झाडावाचून, सावलीवाचून. दुरून तो परातीसारखा सपाट दिसतो. चाक घातलं की कळतं, त्याला दात आहेत.

पहाटे निघालेली शर्यत आता फार पुढे गेली होती. तरुण पोटऱ्यांची, चमकत्या शिरस्त्राणांची ती रंगीत रांग खाडी ओलांडून, घाट चढून, काजूच्या मोहोरातून वाट काढून केव्हाच समुद्राच्या बाजूला पोचली होती. मागे उरली होती वैजयंती. पन्नाशी उलटलेली, ओठ फुटलेली, तळहात सोललेली. शेवटची.

शेवटच्याच्याही मागे या शर्यतीत एक माणूस असतो. त्याला शेपूट म्हणतात. वाट कळावी म्हणून लावलेल्या केशरी फिती तो गोळा करत येतो. झाडावरची फीत गाठ सोडून, आणि सड्यावर झाडच नाही म्हणून दगडाखाली दाबलेली फीत, दगड पायाने उलथून. शेवटचा स्पर्धक पुढे सरकतो आणि त्याच्या पाठीमागे वाट आवरली जाते. आजचं शेपूट होता गंगाराम पाष्टे, इथलाच, पिकल्या मिशांचा, मनाने मऊ.

तो मऊपणाच तिला सोसत नव्हता. दोनदा तो सायकल जवळ घेऊन आला होता, दोनदा तेच बोलला होता. "बाय, खालच्या रस्त्याला जीप हाय. पानी हाय, सावली हाय. बसा जरा. कोन काय बोलनार नाय."

कोणी काही बोलणार नाही. सकाळी पाण्याच्या बाटल्या भरून देताना ऋजुतासुद्धा हेच म्हणाली होती. "आई, दमलीस की गाडीत बस हं. कोणी काही म्हणणार नाही." लेक मायेने बोलली, आणि ते मायेचं बोलणं दिवसभर वैजयंतीच्या बरगड्यांत रुतून राहिलं. कोणी काही म्हणणार नाही, कारण कोणाची काही अपेक्षाच नव्हती.

घरी कपाटाच्या वरच्या खणात एका बाहीचा स्वेटर आहे. ज्या बाळासाठी तो विणायला घेतला ते बाळ आता नोकरी करतं आणि आईच्या बाटल्या भरून देतं. वकिलीच्या शिक्षणाची दोन वर्षं आहेत, तिसरं नाही. शिकायला आणलेली बाजाची पेटी आहे, तिच्यावर इस्त्रीचे कपडे ठेवतात. संसारही तसाच, मधेच कधीतरी सुई काढून ठेवलेला. "आईची सुरुवात काय झकास असते," असं घरी कोणी म्हणालं की सगळे हसतात, आणि सगळ्यांत मोठ्याने तीच हसते. त्या हसण्याचा तिला वीट आला होता.

म्हणून वर्षभर अंधारातल्या टेकड्या, गार हँडल, दुखऱ्या मांड्या. म्हणून आजची ही वाट. जिंकायचं नव्हतंच. सूर्य समुद्रात बुडेपर्यंत शर्यतीच्या टोकाची चुन्याची रेघ ओलांडायची होती. एक गोष्ट, एकदा तरी, शेवटापर्यंत न्यायची होती.

आणि कातळ सरत नव्हता. कातळामागे कातळ, उंचवट्यामागे उंचवटा. चाक आदळे आणि हादरा मनगटातून खांद्यात, खांद्यातून दातांत जाई. खळगा टाळावा तर धार, धार टाळावी तर सुटा दगड. चेन कण्हत होती. गवताची कुसळं मोज्यांत विणली गेली होती. वारा होता, पण भट्टीच्या तोंडाशी असतो तसला. ती पेडल मारत होती, मारत होती, आणि क्षितिज जिथल्या तिथे होतं.

मग डाव्या पोटरीत गोळा आला. असा आला की तिने सायकल टाकली आणि स्वतःलाही टाकलं. शेजारी कोणा जुन्या मालकाने रचलेला दगडांचा गडगा होता, कंबरेएवढा. त्याच्या आड वीतभर सावली होती. ती त्या सावलीत सरपटली, सायकल ओढून घेतली, पोटरी दोन्ही हातांनी धरली आणि डोळे मिटले.

तेव्हा तिला आवाज आला. उतारावर सोडलेल्या चाकाची बारीक टिकटिक. पाष्टे येत होता.

एक हाक पुरे होती. "मी इथे आहे", एवढंच. पण हाकेनंतर काय येणार ते तिला ठाऊक होतं. पाणी येणार, सावली येणार, जीप येणार. तो मऊ आवाज येणार, आणि या वेळी आपण हो म्हणणार. तिसऱ्यांदा नाही म्हणायचं बळ आपल्यात नाही, हे तिला पोटरीतल्या कळेइतकं स्वच्छ कळलं. म्हणून तिने श्वास रोखला. शिरस्त्राण काढून छातीशी घेतलं. पन्नाशीची बाई गडग्याआड लहान पोरीसारखी लपून बसली.

टिकटिक जवळ आली. टिकटिक पलीकडून गेली. पाष्टेची नजर फितींवर होती, बाई पुढे आहे अशी त्याची खात्री होती. टिकटिक दूर गेली, आणि वाऱ्यात विरली.

गोळा उतरायला वेळ लागला. ती उठली, सायकल उभी केली, धूळ झटकली. एक उंचवटा चढली आणि केशरी फीत शोधू लागली. फीत नव्हती. पुढच्या खळग्यापाशी नव्हती. त्याच्या पुढे नव्हती. आणि मग, भर उन्हात, तिला कळलं. शेपूट आता मागे नव्हतं. शेपूट पुढे होतं, आणि जाता जाता तिच्या पुढची वाट आवरून घेऊन चाललं होतं.

चारी दिशांना कातळ. मातीत चाकोरी उमटते, वाळूत पाऊल उमटतं, कातळावर काही उमटत नाही. शेकडो चाकं इथून गेली होती आणि या काळ्या पाषाणाने एकाचीही आठवण ठेवली नव्हती. मोबाईलची बॅटरी दुपारीच संपली होती. पश्चिमेला समुद्र आहे एवढं कळत होतं, पण समुद्राच्या बाजूला कडे आहेत, आणि उतरायची वाट एकच आहे, हेही तिला सकाळी बजावून सांगितलेलं होतं.

तिने हाक मारली. मघा घशात दाबलेली हाक आता उघड्या सड्यावर फेकली. "पाष्टे! अहो पाष्टे!" हाक गेली आणि परत आली नाही. सड्यावर हाकेला अडायला काही नसतं.

ती एका दिशेला गेली, कड्यापाशी थांबली, परत फिरली. दुसऱ्या दिशेला गेली, काटेरी करवंदीत अडकली, परत फिरली. ऊन पिवळं झालं. बाटलीत एक घोट होता, तो तिने घेतला नाही, मग घेतला. जीभ टाळूला चिकटली. ती खाली बसली आणि तिच्या मनात आलं, चला, सुटलो. आता आपली चूक नाही. फितीच नाहीत, कोण काय करणार? उद्या सांगता येईल, आणि सगळे हळहळतील, आणि कोणी काही म्हणणार नाही.

त्या सुटकेची गोडी तिला ओळखीची होती. ती तिच्या जिभेवर आधीही आली होती. तिसऱ्या वर्षाची फी न भरता घरी परतताना आली होती. सुया बाजूला ठेवताना आली होती. किती गोड, किती शांत, आणि त्यानंतरची किती वर्षं कडू. वैजयंती गुडघ्यांत डोकं घालून रडली. दमणुकीने नाही, भीतीने रडली. स्वतःच्या त्या जुन्या, गोड, आळशी सुटकेची तिला भीती वाटली.

डोळे पुसले तेव्हा समोर एक दगड होता. तांबडा.

भोवतालचा सगळा सडा काळा, आणि हा एकच दगड ताजा, ओला वाटावा असा तांबडा. जांभ्याचं वरचं अंग उन्हापावसाने काळवंडतं, पोट मात्र तांबडंच राहतं. हा दगड उताणा पडला होता. कोणीतरी नुकताच पायाने उलथला होता. ती उभी राहिली. कलत्या उन्हात, पन्नासेक पावलांवर, आणखी एक. त्याच्या पलीकडे, उंचवट्यावर, आणखी एक. फिती गेल्या होत्या. पण ज्यांच्याखालून त्या ओढून काढल्या ते दगड पोटं वर करून पडले होते, आणि मावळतीचा सूर्य त्या पोटांवर दिवा धरून उभा होता.

ती सायकलवर बसली. तांबड्यापासून तांबड्यापर्यंत. एक दगड गाठायचा, थांबायचं, दुसरा शोधायचा. कधी लगेच सापडे, कधी उन्हाची तिरीप येईतो सापडत नसे. दोनदा फसली, गुरांनी लोटलेल्या दगडामागे गेली, परत आली. मांड्या थरथरत होत्या, तळहातांचं रक्त हँडलच्या रबरात मुरत होतं. सूर्य उतरत होता. काळ्या कातळावरून तांबड्या थेंबांची ती ओळ पश्चिमेकडे जात होती, आणि ओळीच्या मागे ती जात होती.

समोरून कोणीतरी धडपडत येताना दिसलं. पाष्टे. सायकल हाताने ढकलत, छातीशी केशरी फितींचा भारा, चेहरा राखेचा.

"बाय, कुटं होतात तुमी? त्या टोकाला गेलो, तुमचा पत्ताच नाय. कड्यावनं खाली वाकून बगत आलो मी." त्याचा आवाज फाटला. "चुकी माजी. तुमच्या म्होरल्या फिती मीच काडल्या. मी सांगतो समद्यांना. तुमाला पदक देतील, द्यायलाच लागंल. आता बसा गाडीत."

हे तिसरं बोलावणं होतं, आणि सगळ्यांत गोड. पदकही, सावलीही, आणि चूक दुसऱ्याच्या पदरात. वैजयंतीने त्याच्या भेदरलेल्या डोळ्यांकडे पाहिलं.

"तुमची चूक नाही," ती म्हणाली. "मी लपले होते. गडग्याआड. तुम्ही गाडीत बसा म्हणाल म्हणून."

पाष्टेने छातीशी धरलेला भारा आणखी आवळला. कड्यावरून वाकून पाहिलेली प्रत्येक दरी त्याच्या तोंडावर होती. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"माफ करा मला," ती म्हणाली. "तुम्ही शेपूट ना? मग माझ्या मागे या."

"सूर्य चाललाय, बाय. म्होरं एक फीत नाय."

"दगड आहेत."

त्याला ते कळलं नाही. पण त्याने सायकल वळवली, आणि तो तिच्या मागे झाला.

सूर्याची कड पाण्याला टेकली. सूर्य अर्धा बुडाला, आणि ती अजून सड्यावर होती. सूर्य सगळा बुडाला, आणि ती उतारावर होती. तांबडे दगड एकेक करून काळे झाले. मग तिने दगड शोधणं सोडलं, कारण खाली, उताराच्या पायथ्याशी, संध्येच्या करड्या उजेडात, एक पांढरी रेघ दिसत होती. कमान उतरवली होती. मांडव सोडला होता, खुर्च्या एकात एक घातल्या होत्या, घड्याळ काढून नेलं होतं. जे काढता येतं ते सगळं काढलं होतं. कातळावर ओढलेला चुना तेवढा राहिला होता.

रेघेजवळ ऋजुता बसली होती, गुडघ्यांना मिठी मारून. तिने चाकांचा खडखडाट ऐकला, मान वर केली. ती धावत आली नाही, हात पुढे केला नाही. आईचा चेहरा तिने पाहिला, उठली, आणि वाटेतून बाजूला झाली.

वैजयंती रेघेवरून गेली. तिला थांबता येईना, ब्रेक दाबायला बोटांत जोर नव्हता, म्हणून ती तशीच थोडी पुढे गेली. चाकांना चुना लागला होता. आणि ज्या कातळावर दिवसभरात कोणाचंच काही उमटलं नव्हतं, त्या काळ्या, अबोल, अनादी कातळावर एक पांढरी नागमोडी रेघ उमटत गेली. थोडी ठळक, मग फिकी, मग फिकी, मग नाही.