सत्तर सेकंदांचा वॉल्ट्झ

मी एक जुनी खुर्ची आहे, मित्रांनो. बीचच्या लाकडाची, वजनाने साडेचार किलो. डोंगराकडच्या एका कारखान्यात वाफेवर माझं लाकूड मऊ करून वाकवलं गेलं. मग माझ्यासारख्याच तिघींबरोबर मी शिलेशियातल्या या खाणगावात, तिसऱ्या मजल्यावरच्या स्वयंपाकघरात आले. एर्विन आणि त्रुदाचं तेव्हा नुकतंच लग्न झालं होतं.

एर्विन कोळशाच्या खाणीत कामाला होता. तिथेच आंघोळ करून तो घरी यायचा, तरी त्याच्या पापण्यांच्या कडेला काळी रेघ उरायची. त्यांची मुलगी किंगा माझ्यावर उभी राहून खिडकीतून त्याची वाट पाहायची. “ही खुर्ची आपल्या सगळ्यांना पुरून उरेल,” असं त्रुदा पाहुण्यांना सांगायची, तेव्हा मला फार बरं वाटायचं.

पुढे माझा मागचा पाय सैल झाला. त्रुदाने तो सरसाने चिकटवला आणि सगळ्यांना बजावलं, “हिच्यावर कोणी बसू नका हं, मोडेल बिचारी.” माझ्यावर जिरेनियमची कुंडी आली. पाय केव्हाच घट्ट बसला होता, पण कोणी बसून पाहिलंच नाही. सहा वर्षं मी कुंडीच धरून होते.

गेल्या वर्षीच्या वसंतात किंगाचं ब्वाझेयशी लग्न ठरलं. आमच्याकडे नवरी सगळ्यांसमोर वडिलांबरोबर वॉल्ट्झ, म्हणजे तीन ठेक्यांचा जोडीचा नाच, नाचते. म्हणून दर मंगळवारी बापलेक नाचाच्या वर्गाला जाऊ लागले. एर्विनच्या फुफ्फुसांत तीस वर्षांची धूळ बसली होती. जिना चढताना तो प्रत्येक मजल्यावर थांबून भिंतीवरचा रंग तपासायचा. वर्गातल्या बाई म्हणाल्या, “मधल्या दिवसांत घरी सराव करा. जोडीदार नसेल तर खुर्ची घ्या.” त्रुदाचं कंबरेचं हाड दुखायचं, आणि बाकी तिघी खुर्च्या जेवायच्या टेबलाशी लागत होत्या. एर्विनने माझ्यावरची कुंडी उतरवली.

रोज सकाळी त्रुदा बाजाराला गेली की सराव सुरू व्हायचा. दोन्ही हात माझ्या पाठीवर, मग एक-दोन-तीन, एक-दोन-तीन. पहिल्या दिवशी चाळीस सेकंदांतच तो थांबला. ओव्हनवरच्या घड्याळाकडे बघत मला म्हणाला, “सत्तर झाले की पुरे. लग्नात गाणं वाजवणाऱ्याला सांगेन, तिथेच संपव म्हणून. कोणाला कळणारसुद्धा नाही.”

मित्रांनो, वजन ओळखणं हा आम्हा खुर्च्यांचा धर्म. नाचताना त्याचे हात माझ्यावर जेमतेम टेकलेले असायचे. नाच संपला की मात्र तो धपकन माझ्यावर बसायचा. गुडघ्यांवर कोपर टेकून पुढे-मागे झुलायचा, कारण तसं झुललं की थोडी हवा आत शिरायची. दहा दहा मिनिटं त्या झुलण्याने माझे पाय फरशीवर घासत राहायचे. मे महिना संपता संपता सत्तर सेकंद झाले. त्यापुढे मात्र दोन सेकंदही वाढले नाहीत.

लग्नाच्या आठवड्यात किंगा रीतीप्रमाणे घरोघर लग्नाचा केक वाटायला निघाली. खालच्या मजल्यावरच्या पित्लिकबाई वर येऊन म्हणाल्या, “एर्विन, तू नाचणार म्हणे! आधी सांग बाबा, माझ्या छताला टेकू लावून घेते.”

“लावाच,” एर्विन म्हणाला, “आणि हॉलमध्ये पहिल्या रांगेत बसा.”

त्याच दुपारी, तो झोपलेला असताना, त्रुदाने मला उलटं केलं. फरशीवर चरे पडू नयेत म्हणून तिने माझ्या पायांखाली जाड लोकरी नमद्याच्या चकत्या चिकटवल्या होत्या. त्या फाटून लाकूड उघडं पडलं होतं.

“महिन्यात तिसऱ्यांदा,” ती किंगाला म्हणाली. “बाकीच्या तिघींच्या चकत्या दोन वर्षं टिकल्यात. हा नाचत नाहीये गं. हा खुर्चीवर लटकतोय.”

“वर्गात तर नीट नाचतो.”

“वर्गात एक फेरी करतो आणि मग पाण्याला जातो. दोनशे लोकांसमोर कोसळला तर?”

किंगा बराच वेळ माझ्या पायांवरून बोट फिरवत राहिली. मग म्हणाली, “ब्वाझेयच्या बाबांना सांगते माझ्याबरोबर नाचायला. पण बाबाला आधी नको कळायला. उगाच झुरत बसेल.”

मी उलटी पडले होते. सत्तर सेकंदांचं मला ठाऊक होतं, पण सांगणार कशी?

लग्न शनिवारी झालं. रविवारी दुपारी एर्विन स्वयंपाकघरात आला आणि लग्नाच्या सुटातच माझ्यावर बसला. त्रुदा बटाट्याचे गोळे उकळायला टाकत होती.

“मी उठलो होतो,” तो म्हणाला. “वाजवणाऱ्याला सांगायला चाललो होतो, सत्तर सेकंदांत थांब म्हणून. तेवढ्यात तो ब्वाझेयचा बाप माझ्या मुलीला घेऊन मधे गेला. मला वाटलं, चुकून गेला.”

“डॉक्टर म्हणाले होते, एर्विन...”

“डॉक्टरला नाचायचं नव्हतं. पित्लिकबाई पहिल्या रांगेत होत्या. मी कोट घालून मधोमध उभा. मग टाळ्या वाजवायला लागलो. दुसरं काय करणार?”

संध्याकाळी किंगा आली. त्रुदाने तिला फोन करून दुपारचं सगळं सांगितलं होतं. डोळे सुजलेले होते. तिने फोनवर गाणं लावलं आणि हात पुढे केला. “बाबा, चल. आत्ता नाचू. सत्तरच सेकंद.”

“आता कशाला?” तो म्हणाला. “बस. जेवून जा.”

गाणं शेवटपर्यंत वाजलं. त्याचं सगळं वजन माझ्यावरच होतं, एकसष्ट किलो. तो झुललाही नाही.

त्यानंतर त्याने मला पाठीवर हात ठेवून कधी धरलं नाही. माझ्या पायांखालच्या नव्या चकत्या वर्षभर कोऱ्या आहेत. त्रुदाला ते बरं लक्षण वाटत नाही. हल्ली ती मला मुद्दाम उलटं करून त्या बघते आणि पुन्हा सरळ ठेवते.

मित्रांनो, कोणी थकलं, झिजलं, की तुम्ही प्रेमानेच त्याला बाजूला ठेवता. ते प्रेम खोटं नसतं, हे मला माहीत आहे. पण आधी त्याच्यापाशी बसा आणि विचारा, तुला किती झेपतं? आम्हा खुर्च्यांना विचारलंत तरी आम्हाला उत्तर देता येत नाही. माणसांना येतं.