माझी मुकी पट्टी

मित्रांनो, मी सभागृहाच्या कोपऱ्यातला एक जुना पियानो आहे. वर्षातला बराचसा काळ मी टेबल असतो. कुणी माझ्यावर छत्री ठेवतं, कुणी चहाचा कप. आमचं हौशी मंडळ दरवर्षी तीच विनोदी संगीतिका बसवायला घेतं, तेवढ्यापुरता मी वाद्य होतो.

कारागिरानं मला फार मायेनं घडवलं. माझ्या प्रत्येक पट्टीमागे लोकरी टोपी घातलेली इवलीशी हातोडी आहे. ती तारेवर आपटली की सूर निघतो. तरुणपणी माझं फार कौतुक झालं. मग एका समारंभात माझ्यावर ठेवलेली फुलदाणी कलंडली, पाणी आत झिरपलं आणि मधली एक पट्टी मुकी झाली. दुरुस्त कुणीच केली नाही. गाण्यात तो सूर आला की गाणारे त्या जागी श्वास घेऊ लागले. पुढं नव्यांनाही तसंच शिकवलं गेलं आणि सगळे त्या खड्ड्याला परंपरा म्हणू लागले.

यंदा खाष्ट घरमालकिणीच्या भूमिकेच्या चाचणीला दोघी उभ्या राहिल्या, दोघी सख्ख्या जावा. थोरली ही भूमिका वर्षानुवर्षं करत आलेली. धाकटी लग्न होऊन आल्यापासून कोरसच्या शेवटच्या रांगेत.

थोरली ठसक्यात गायली. मुक्या जागी तिनं ऐटीत श्वास घेतला. निवड करणारे दंतवैद्यकाका तृप्त झाले.

मग धाकटी आली. तिनं माझ्या कडेवर हात टेकला.

"घाबरलीस?" मला वाजवणाऱ्या मास्तरीणबाईंनी हळूच विचारलं.

"यंदा नाही झालं तर परत विचारायची नाही मी, बाई."

ती गाऊ लागली. गळा छान होता, पण हे गाणं ती माहेरच्या पियानोवर शिकली होती आणि तो धडधाकट होता. मुकी जागा जवळ येऊ लागली. माझ्या तारा ताठ झाल्या. ओरडून तिला सावध करावंसं वाटलं, पण नेमकं तिथंच मला ओरडता येत नाही.

तिनं तो सूर लावला. स्वच्छ, एकटा.

"हे मधलं काय होतं?" काकांनी चष्मा काढला.

"सूर, काका."

"आपल्यात नसतो तो."

"गाण्यात असतो."

"म्हणजे इतकी वर्षं आम्ही काय झोपेत गात होतो?"

धाकटी खाली बघत राहिली. काकांनी तिच्या नावावर काट मारायला पेन्सिल उचलली.

"थांबा जरा," थोरली उठून माझ्याजवळ आली. तिनं ती पट्टी दाबली. ठक्. जोरात दाबली. ठक्. मग ती ओळ गाऊन पाहिली. त्या जागी सूर लावायला गेली आणि पुढं दम पुरेना. पुन्हा गायली. पुन्हा तेच.

"काका, माझा श्वास तिथंच ठेवलाय हो," ती म्हणाली. "आता तो हलायचा नाही. भूमिका हिला द्या." मग जावेकडे वळली, "आणि तू फार फुगू नकोस. घरी खाष्ट मीच आहे."

काकांनी पेन्सिल खिशात घातली. धाकटी घरमालकीण झाली.

मित्रांनो, तुमच्या घरातली एखादी वस्तू बिघडली, तर ती दुरुस्त करून घ्या. लगेच जमलं नाही तरी चालेल, पण तिच्या बिघाडाला चाल समजू नका. नाहीतर एक दिवस नीट गाणारं माणूस तुम्हाला बेसूर वाटू लागेल.