भुताचं लुगडं

माझी बायको हौसा वारून चार महिने झाले होते, तेव्हा महालिंगनं मला भुताच्या नवऱ्याचं काम दिलं. मी कोल्हापूरचा सुतार. त्याच्या सिनेमाची दारं-खिडक्या मी केली होती. नवऱ्याच्या कामाचा नट पुण्याला गेला तो परत आलाच नाही, आणि अंगानं मी त्याच्यासारखा होतो.

ही चौऱ्याहत्तर सालची गोष्ट. महालिंगचा कागलला फोटोचा स्टुडिओ होता. लग्नाचे फोटो काढता काढता त्यानं भुताचा सिनेमा काढायला घेतला. त्याच्या गल्लीतलं एक रिकामं घर मिळालं होतं. खिडक्यांना आणि ओसरीला पोती ठोकायची आणि भर दुपारी घरात रात्र करायची, असं चालायचं.

शेवटचा प्रसंग राहिला होता. मेलेली बायको दारात येते आणि नवरा तिला भिऊन भिंतीपर्यंत मागं सरतो, एवढाच. भूत झाली होती शमशाद, आधी नाटक कंपनीत असलेली. पांढरी साडी, केस सोडलेले. मी दार उघडायचो, तिच्याकडं बघायचो आणि मला काहीच व्हायचं नाही. तीनदा असं झालं.

"पिराजी, भूत आलंय. पावणं न्हाय आलेलं," महालिंग म्हणाला. सगळे हसले. मग त्यानं मला बाजूला नेऊन सांगितलं की आता एकदाच घेता येईल एवढीच फिल्म उरली आहे. नवीन आणायची ऐपत नाही. हे जमलं नाही तर सिनेमा इथंच थांबला. तो चिडला असता तर बरं वाटलं असतं.

मी त्याला म्हणालो, "ही कुणाची बायकू वाटत न्हाय. नवरा जित्ता असताना गेलेली बाई पांढऱ्यात कशी यील?" हौसाला आम्ही हिरवं लुगडं नेसवलं होतं. मळवट भरला होता, हातात हिरव्या बांगड्या चढवल्या होत्या. ती आली तर तशीच येणार.

महालिंगला ते पटलं. पण त्यानं अडचण सांगितली. हिरवं लुगडं काळ्या-पांढऱ्या फिल्मवर काळं दिसतं, दाराबाहेरच्या अंधारात बाई हरवून जाईल. त्यावर उपाय करणं माझं, सुताराचं काम होतं. मी दाराबाहेर फळ्या उभ्या केल्या आणि त्यांना चुना मारला. तो वाळेपर्यंत महालिंगची बायको शांतादेवी घरून स्वतःचं हिरवं लुगडं घेऊन आली. भुतासाठी द्यायला ती कचरेल असं मला वाटलं होतं. शमशादला नेसवताना ती म्हणाली, "निऱ्या नीट घे. मेली म्हणून काय झालं, आपल्या घरला आलीया."

महालिंगनं हात केला. मी दार उघडलं.

तोंड शमशादचंच होतं, तरी मला वर बघवेना. ही आता विचारणार असं वाटलं. हौसाला तीन दिवस ताप होता. तिसऱ्या दिवशी ती म्हणाली होती, मला दवाखान्यात न्या. मी म्हणालो, एका गिऱ्हाइकाचं कपाट द्यायचंय, तेवढं पुरं करतो. तिनं पुन्हा विचारलं नाही. कपाट संध्याकाळी झालं. तोवर तिची शुद्ध गेली होती.

माझे पाय मागं सरत गेले. पाठ भिंतीला लागली. तोंडातून निघालं, "चल, आत्ता जाऊ."

महालिंगनं फिल्म संपेपर्यंत कॅमेरा चालू ठेवला. मग शमशाद आत आली आणि माझ्याजवळ जमिनीवर बसली. "भाऊ, कुठं जायाचं हुतं?" तिनं विचारलं. मी सगळ्यांसमोर सांगितलं. तोवर हे मी कुणाला सांगितलं नव्हतं, हौसाच्या भावालाही नाही. शमशादनं समजूत घातली नाही. ती तशीच बसून राहिली.

सिनेमात आवाज नंतर भरायचा होता. महिन्याभरानं महालिंगनं निरोप पाठवला की तुझ्या तोंडी किंकाळी घालतो, तू येऊ नकोस, तुला त्रास होईल. मी सायकल काढली आणि कागलला गेलो. त्याला म्हणालो, किंकाळी नको, जे बोललो ते मीच परत बोलतो.