खंडेनवमीच्या पाटावर मी

मी बोलतेय, पण जरा दबक्या आवाजात. कारण या देशात मला बनवायला, विकायला, दुकानात साठवायलासुद्धा कायद्यानं बंदी आहे. मी ई-सिगारेट. पोरंपोरी मला लाडानं वेप म्हणतात. दिसायला बोटभर, गुलाबी, गुळगुळीत. टोकाला ओढताच चमकणारा दिवा, पोटात बॅटरी, आंब्याच्या वासाचं पाणी आणि त्यात निकोटिन. आंबा नुसता नावाला. माणसाला धरून ठेवतं ते निकोटिन.

जन्म परदेशातल्या कारखान्यात. खेळण्यांच्या खोक्यात लपून ग्वाल्हेरला आले आणि जयेंद्रगंजच्या एका गल्लीत, मोबाइलची कव्हरं विकणाऱ्याच्या काउंटरखाली पडून राहिले. शाळा सुटली की गणवेशातली मुलं यायची. दुकानदार कधी कुणाचं वय विचारत नसे. नुसतं म्हणे, "जल्दी बोलो, कौन सा फ्लेवर?"

सोनिका तिथंच भेटली. अकरावीतली, शाळेच्या हॉकी संघात खेळणारी. सोबत मैत्रीण गरिमा.

"अगं, धूर थोडीच आहे, नुसती वाफ. कुछ नहीं होता यार," गरिमा म्हणाली आणि मी सोनिकाच्या कंपासपेटीत बसून खासगी बाजार नावाच्या मोहल्ल्यातल्या तिच्या घरी राहायला गेले.

घर मराठ्यांचं. पूर्वज फौजेबरोबर दख्खनेतून आलेले. आता वडील वायरिंगची कामं घेतात, आई मंदाताई ब्लाऊज शिवतात आणि आजोबा दौलतसिंह दिवाणावर बसून तंबाखू मळतात. दुसऱ्याच्या घरात काय चाललंय ते बघायची मला भारी हौस. पण इथं जे बघितलं त्यानं जीव हळहळला. आधी सोनिका मला गंमत म्हणून ओढायची. मग अभ्यासाला बसताना. मग मी हाताशी नसले की चिडायला लागली. मैदानात धाप लागायला लागली, तर घरी सांगायची, "गर्मी किती आहे, आई!" खोकला ऐकून मंदाताई ज्येष्ठमध आणि तुळस उकळायच्या, फुंकर घालून पेला तिच्या हातात द्यायच्या. ती काढा प्यायची आणि पेला विसळायच्या निमित्तानं न्हाणीघरात जाऊन मला ओढायची. तेव्हा मला माझीच लाज वाटायची.

मग खंडेनवमी आली. त्या दिवशी या घरात पाटावर तलवार मांडतात आणि शेजारी ज्याच्या त्याच्या कामाची हत्यारं: वडिलांचा टेस्टर, मंदाताईंची कात्री, सोनिकाची हॉकी स्टिक. "अभ्यासाचंही काही ठेवावं," म्हणत मंदाताईंनी कंपासपेटी उघडली आणि मीच हाताला लागले.

"हे ते कंप्युटरला लावतात ना, पेनड्राइव्ह," त्या स्वतःशीच म्हणाल्या. पदरानं पुसून त्यांनी मला तलवारीशेजारी ठेवलं, हळदकुंकू वाहिलं, झेंडूचं फूल टेकवलं.

सोनिका नाहून आली आणि दारातच थिजली. आरती सुरू होती. दौलतसिंहांनी सगळ्या हत्यारांवर अक्षता टाकल्या, माझ्यावरही.

"नमस्कार कर, पोरी. यांच्यावरच आपलं पोट चालतं."

तिनं डोळे गच्च मिटून डोकं टेकलं.

खरी पंचाईत पुढेच होती. पूजेतली वस्तू दसरा उजाडेपर्यंत उचलायची नाही, असा घरचा रिवाज. सकाळ कशीबशी गेली. जेवताना तिनं पुरी नुसतीच कुस्करली, आईवर खेकसली, देवघरापुढून उगाच येरझाऱ्या घातल्या. हॉकीवाचून तिचा दिवस जात होता, माझ्यावाचून जात नव्हता. शेवटी घर दुपारचं आडवं झालं तसं तिनं पाटावर हात घातला.

"अगं, उद्यापर्यंत धीर नाही होय?" मंदाताई मागेच उभ्या. "पेनड्राइव्हवाचून असं काय अडलंय?"

"पेनड्राइव्ह नाहीये ते." सोनिकाची बोटं कुंकवानं लाल झाली होती. "वेप आहे. सिगारेटच समज. आई, मुझसे छूट नहीं रही."

मंदाताईंचा हात उठला, पण अर्ध्यातून तिच्या पाठीवर आला. "म्हणजे तो खोकला... आणि मी मेली काढे उकळत बसले!"

आवाज ऐकून आजोबा आले. "आपल्या घरात ही थेरं?"

"तुमची पुडी तर खुलेआम मिळते, आजोबा."

दौलतसिंहांनी खिशातून पुडी काढली, बघितली आणि परत खिशात ठेवली. त्यांना हसू नका. माझ्यासारखीचा विळखा सुटणं किती अवघड, ते मी जाणते.

डॉक्टरांकडे जाणं सुरू झालं. वेळ लागेल, म्हणाले. दुकानाची तक्रार करायची ठरली, तेव्हा मात्र मंदाताईंचं अवसान गळालं.

"हिचं नाव बाहेर आलं तर? टीममधून काढतील हिला. मी एकटीच जाते. वेप रस्त्यात सापडली म्हणून सांगते."

सोनिकानं कुरतडलेलं नख तोंडातून काढलं. मग म्हणाली, "रस्त्यात सापडली म्हटल्यावर दुकानदाराला कोण पकडणार? सातवीच्या मुली येतात तिथं, आई. छोटी-छोटी हैं. मी येते."

आता मी पोलीस ठाण्यात आहे, लाखेनं बंद केलेल्या पाकिटात. जबाब देताना तिचा आवाज अडखळत होता. स्वतःचं नाव मात्र तिनं आडनावासकट सांगितलं. संघात तिला ठेवतील की नाही, अजून कळलेलं नाही. ओढ तर रोजच लागत असेल.

माझ्यासाठी कुणी वाईट वाटून घेऊ नका. एवढंच मागते: तुमच्या लेकराच्या दप्तरात माझी एखादी बहीण सापडली, तर हात उगारायच्या आधी त्याला जवळ घ्या. ते आधीच घाबरलेलं असतं. आणि मला इथंच राहू द्या, अंधारात. माझा उजेड कुणाच्या कामाचा नाही.