छर्रा कुठे ठेवला

सुंदराबाई पडली ती छप्पन सालच्या जानेवारीत, लालबागला गोळीबार झाला तेव्हा. गोळी तिला लागली नाही, पळणाऱ्या गर्दीने तुडवली. खुब्याचं हाड मोडलं ते काही केल्या सांधेना. काळाचौकीच्या चाळीत लेक बकुळा तिला उचलून संडासाला नेई, आणि म्हातारीचं देवाकडे एकच मागणं असे: मला माझ्या पायांनी जाऊ दे, कुणाच्या हातावर नको.

जावई रामदास इस्पितळात एक्स-रे काढी. तिथले डॉक्टर म्हणाले, हाडाच्या टोकाचा मोडका गोळा काढून पोलादी बसवू. तो विलायतेहून मागवायचा, आणि एकच मिळायचा, म्हणून माप आधीच अचूक हवं. फोटोत हाड असतं त्याहून मोठं दिसतं. भिंतीपासून हात लांब धरला की सावली वाढते, तसंच. त्यासाठी रामदासकडे बेअरिंगचा एक छर्रा होता, ठरावीक मापाचा. पेशंटच्या मांडीच्या बाहेरून खुब्याचं हाड चाचपायचं आणि त्याच उंचीवर छर्रा चिकटपट्टीने लावायचा. फोटोत छर्रा जेवढ्या पटीने वाढला, तेवढ्याच पटीने हाड वाढलं. रामदासला हे डोळे मिटून जमे.

पण ही सासू होती. एका खोलीत राहूनही जावयासमोर तिचा पदर कधी कपाळावरून ढळला नव्हता. तो जेवायला बसला की ती भिंतीकडे तोंड करून बसे. फोटोच्या दिवशी नेमका संयुक्त महाराष्ट्रासाठी बंद होता, बायकांचं हाड चाचपून छर्रा लावणारी आयाबाई आलीच नव्हती. मागणीचं पत्र त्याच दिवशी जायचं होतं. टेबलावर आडवी झालेली सुंदराबाई दोन्ही मुठींत लुगडं घट्ट धरून होती. रामदासने हात पुढे केला. तिने डोळे मिटून तोंड भिंतीकडे फिरवलं.

हात मागे आला. त्याने छर्रा तिच्या मांडीला टेकून टेबलावरच चिकटवला आणि बटण दाबलं. चार बोटांचा तर फरक, असं त्याने मनाला बजावलं. ज्याने रोज इतरांना हा फरक समजावून द्यायचा, त्याने स्वतःला असं फसवावं, याला काय म्हणायचं?

छर्रा टेबलाखालच्या फिल्मजवळ राहिला, फारसा वाढला नाही. हाड उंचावर होतं, ते वाढलं. हिशेबात गोळा मोठा निघाला. सुएझ कालवा बंद पडल्याने गोळा आणणारी बोट लांबच्या वाटेने आली, कित्येक महिन्यांनी. ऑपरेशनच्या टेबलावर मोडका गोळा काढून झाल्यावर कळलं, की नवा खोबणीत मावत नाही. दुसरा नव्हता. काढलेला परत बसत नाही. डॉक्टरांनी खोबण तशीच रिकामी ठेवून जखम शिवली.

बाहेर येऊन त्यांनी फोटो उजेडाला धरला. "छर्रा कुठे ठेवला होतात?"

"टेबलावर," रामदास म्हणाला.

डॉक्टरांनी फोटो पाकिटात घालून त्याच्या हातात दिला. शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

रामदासने घरी सगळं सासूला सांगितलं, पाठमोरं उभं राहून. बकुळा रडू लागली.

"जावईबापू, हात लावला असतात तर मी त्याच घटकेला मेले असते," म्हातारी म्हणाली. मग म्हणाली, "तेच बरं झालं असतं."

म्हातारीचा पाय आखूड झाला, लुळा पडून राहू लागला. साठ साल उजाडलं तेव्हा बकुळाला दिवस गेले होते आणि जड उचलायचं नव्हतं. एक मेच्या संध्याकाळी सगळी चाळ दिवे बघायला खाली उतरली होती, रस्त्यावर महाराष्ट्राचा जयजयकार चालला होता. म्हातारीला संडासाला जायचं होतं. ती किती तरी वेळ कळ सोसून बसली. शेवटी बकुळाने नवऱ्याकडे पाहिलं.

रामदास खाली बसला, एक हात तिच्या पाठीशी आणि दुसरा कमरेखाली घालून त्याने तिला उचललं. त्याची बोटं आपसूक खुब्याच्या हाडावर आली. छर्रा लावायचा होता तीच ती जागा. सुंदराबाईने पदर ओढून तोंड पुरतं झाकून घेतलं, आणि तो तिला घेऊन गॅलरीतून चालू लागला.