थरथरत्या बोटाची किंमत

आमच्या कंपनीच्या प्रमुखाला ऑफिसात सगळे तोंडावर सर म्हणायचे आणि पाठीमागे इस्त्री. शर्टाला कधी सुरकुती नाही, बोलण्यात एक शब्द इकडचा तिकडे नाही. मीही सात वर्षं सर म्हणाले. इथे म्हणणार नाही.

आमची कंपनी व्हिडिओ गेम बनवायची. त्यातला मासेमारीचा गेम तुफान चालला. होडी घ्यायची, जाळं टाकायचं, मासे विकून मोठ्या पाण्यात जायचं. गेम फुकट, पण जाळी आणि होड्या खऱ्या पैशांनी. इस्त्रीने वर्षात दोनदा किमती वाढवल्या. दोन्ही वेळा ‘वाढत्या खर्चामुळे’ असं पत्रक मीच लिहिलं, कारण किंमत विभाग माझ्याकडे होता. खर्च उलट घटला होता, अर्धी माणसं काढून टाकली होती.

मग त्याला वाटलं, सगळ्यांना एकच भाव कशाला? ज्याची हाव जास्त त्याला भाव जास्त. हाव मोजायची कशी, ते मी सुचवलं. खरेदीसाठी ‘घ्या’ हे बटण कडेला सरकवावं लागायचं. सरकवण्याआधी त्यावर माणसाचं बोट किती वेळ घुटमळतं, किती वेळा टेकतं आणि उचलतं, ते बघायचं. घुटमळला की मोहात पडला. लगेच त्याच्या डोळ्यांसमोर किंमत चढवायची आणि खाली लिहायचं, ‘भाव वाढतोय, आत्ताच घ्या’. घाबरून घेतोच माणूस. या कल्पनेबद्दल मला बढती मिळाली आणि मी ती मिरवलीसुद्धा.

आमच्या स्वतःच्या टॅबवर मात्र भाव कधी चढायचा नाही. ऑफिसातल्यांची खाती एका यादीत असायची, तिचं नाव ‘घरची माणसं’. यादीतल्यांना कायम मूळ किंमत. त्यामुळे आपण काय करून ठेवलंय, ते आमच्यापैकी एकानेही कधी पाहिलं नव्हतं.

मी पाहिलं ते ताईकडे. माझी मोठी बहीण, एकेकाळी लग्नाचे कपडे शिवायची. दोन वर्षांपूर्वी तिच्या उजव्या अंगावरून वारं गेलं. डॉक्टरांनी दाबायला दिलेला रबरी चेंडू तिने खिडकीतून फेकला. पण हा गेम तिला आवडला, आणि मासे पकडता पकडता बोटं मोकळी व्हायला लागली. स्वतःच्या ब्लाउजचे हूक ती स्वतः लावू लागली, तेव्हा आम्ही दोघी रडलो होतो.

त्या रविवारी दुपारी ती म्हणाली, “बंद करणार आहे मी हे. परवडत नाही.”

“का गं?”

“माझ्याबरोबर व्यायामाला येतात ते मास्तर, त्यांना हे जाळं एकशेवीसला मिळालं. मला बघ.”

तिने बोट टेकवलं. ते थरथरलं, घसरलं. एकशेवीसचे एकशेसाठ झाले. पुन्हा टेकवलं, दोनशेदहा. तिसऱ्यांदा, तीनशे.

“मी घाई केली की आणखी पळतो मेला भाव,” ताई म्हणाली.

तिचा आजार माझ्या नियमाला हाव वाटत होता.

दुसऱ्या दिवशी मी इस्त्रीला सगळं सांगितलं. त्याने शांतपणे आकडे उघडले.

“मला माहीत आहे. हाताला कंप असलेले, वय झालेले. सगळ्यात जास्त कमाई याच लोकांकडून होते. नियम तुझाच ना? छान आहे.”

“सर, ती हाव नाही. आजार आहे.”

“पैसे दोन्हीकडून सारखेच येतात. बहिणीचं इतकंच वाटत असेल तर तिला टाक घरच्या माणसांत.” आणि माझ्यासमोरच त्याने विभागाला लिहून पाठवलं, ‘कंप असलेला गट: बदल नको. चालू द्या.’

माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. मी हसून “बरं, सर” म्हणाले.

ताईचं नाव मी यादीत घातलं नाही. ते घातलं असतं तर माझा राग निवला असता, आणि मला तो निवू द्यायचा नव्हता. बारा दिवसांनी भागधारकांची सभा होती. मला त्याची जिरवायची होती, चारचौघांत. सभेच्या सकाळी मी घरच्या माणसांतून एकच नाव काढलं. काढताना जो आनंद झाला, तो बढतीच्या दिवशीही झाला नव्हता.

इस्त्रीला एक खोड होती. खरेदी करून दाखवताना तो टॅब जोडलेल्या मोठ्या पडद्याकडे पाठ करायचा, हातातल्या टॅबवरच्या बटणावर बोट ठेवायचा आणि लोकांना ताटकळत ठेवून भाषण ठोकायचा. त्या दिवशी नवी होडी होती, मूळ किंमत तीनशे. तो ग्राहकांच्या विश्वासावर बोलत होता. बोट कधी टेकत होतं, कधी उचललं जात होतं. मागे भिंतीएवढ्या पडद्यावर चारशे झाले, सहाशे झाले, अकराशे झाले. पहिल्या रांगेतल्या काठीवाल्या आजी खुदकन हसल्या. आपला विनोद जमला असं वाटून तो आणखी रंगात आला.

वळला तेव्हा दोन हजार होते. त्याने घाईने बटण सरकवायला बोट नेलं, ते घसरलं. अडीच हजार. आता त्याचा हात खरंच कापत होता.

“हे काय चाललंय?” तो माझ्याकडे बघून म्हणाला.

मी माईक घेतला. “सर, तुमचा हात थरथरतोय. आपल्या नियमात त्याला हाव म्हणतात.”

मग मी त्या गटाची कमाई वाचून दाखवली आणि त्याचं ‘चालू द्या’ पडद्यावर लावलं. भागधारकांना आजाऱ्यांचा कळवळा आला असं समजू नका. त्यांना बातमीची भीती वाटली. दुपारपर्यंत नियम गेला, इस्त्री गेला आणि मीही गेले. इस्त्री लिफ्टमध्ये शर्टाची बाही चोळामोळा करत उभा होता. मी मुद्दाम त्याच लिफ्टने खाली आले.

घरी ताईला मी सगळं साभिनय करून दाखवलं. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत ती हसली. मग तिने विचारलं, “त्याचं नाव काढायला किती वेळ लागला तुला?”

“एक मिनिट.”

“आणि माझं घालायला किती लागला असता?”

तेव्हा माझं लक्ष गेलं, तिच्या ब्लाउजवर शाल ओढलेली होती आणि टॅब कपाटावर धूळ खात होता.

“तू आली होतीस त्याच आठवड्यात बंद केला मी गेम,” ताई म्हणाली. “ये, हूक लावून दे.”