समुद्र आवडणारी माणसं

"गादी बदलली म्हणे या वर्षी! गादी बदलली असेल गं, पण ढेकूण तेच आहेत. मला ओळखतात ते."

"हळू बोल ना. आई पलीकडे दात घासतेय."

"आईसाठीच तर आलोय. नाहीतर हातात असलेली सुट्टी मोडून वाळू खायला कोण येतंय इथं?"

"मग मी कुणासाठी आलेय? तिला समुद्र आवडतो ना. वर्षातून एकदा काय ते मागते बिचारी. गप वाळू गिळायची आणि हसायचं."

मोरीची भिंत फळीची होती, आणि फळीला कान नसले तरी फटी भरपूर होत्या. अलीकडे आई ब्रश तोंडात धरून तशीच उभी राहिली. 'बिचारी' या शब्दाला तिला असा काही ठसका लागला, की तोंडातला सगळा फेस गिळूनच ती मोकळी झाली.

समुद्र आवडतो? तिला?

खरं सांगायचं, तर समुद्राचं आणि तिचं पहिल्या दिवसापासून पटलेलं नव्हतं. ती लाँड्रीच्या काउंटरवर बसणारी बाई. कपडा धुतला की वाळला पाहिजे आणि वाळला की कडक राहिला पाहिजे, एवढा साधा तिचा धर्म. आणि इथे सकाळी दोरीवर टाकलेला टॉवेल संध्याकाळी जास्तच ओला व्हायचा. खाऱ्या वाऱ्याने केसांचा खराटा होई. तरी ती वर्षानुवर्षं इथे येत होती ती पोरांसाठी. थोरला लहान असताना एकदा इथल्या पाण्यात असा खिदळला होता, की तिने तिथल्या तिथे ठरवून टाकलं, पोरांना समुद्र आवडतो. त्यानंतर पोरांना कुणी विचारलं नव्हतं. आता त्या पोराला दाढी आली होती आणि तो दूर कुठेतरी पुलाच्या कामावर होता. धाकटी दवाखान्यात नर्स होती आणि हॉस्टेलवर राहायची. तरी ठरलेल्या आठवड्यात दोघंही मुकाट बॅग भरून हजर.

'म्हणजे ही दोघं माझ्यासाठी येतात,' चूळ भरता भरता ती मनात म्हणाली, 'आणि मी यांच्यासाठी. शाबास!'

बाहेर नवरा स्टुलावर उभा राहून पंख्याकडे बघत होता. नुसता बघत होता. तो लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस. चालू असलेल्या वस्तूत त्याला रस नसे. सुरुवातीच्या सुट्ट्यांमध्ये या भाड्याच्या दोन खोल्यांनी त्याची चंगळ केली होती. गळका नळ, करकरणारं दार, मध्येच झोपी जाणारा पंखा. माणसं पोहायला जात, हा पान्हा घेऊन घरात. पण वर्षं गेली तसं सगळं त्याच्या हाताखालून गेलं आणि त्या घरात बिघडलेलं असं काही उरलंच नाही. गेल्या खेपेला त्याचा उतरलेला चेहरा बघवेना, म्हणून तिनेच गुपचूप कपाटाच्या बिजागरीचा स्क्रू ढिला करून ठेवला होता. किती खुलला होता तो!

"अहो, उतरा. चहा झालाय."

"मस्त वाटतं ना इथं आलं की?" तो म्हणाला. म्हणताना त्याने दुसरीकडे पाहिलं.

तिने मान हलवली, पण तिची व्यवसायातली नजर जागी झाली होती. लाँड्रीत कपडे टाकणारा प्रत्येक माणूस डागाबद्दल खोटं बोलतो. 'हा आधी नव्हताच', 'हा चहाचा नाही हो', असं सांगताना गिऱ्हाईक हमखास काउंटरच्या कोपऱ्याकडे बघतं. आता तिचा नवरा पंख्याच्या बटणाकडे बघत होता.

'हाही!' तिच्या मनात आलं.

मग तिने दिवसभर तेवढंच काम केलं. डाग हुडकायचं.

किनाऱ्यावर सासूबाई खुर्चीत बसल्या होत्या. खुर्चीचे पाय वाळूत रुतत चालले होते आणि त्यांच्याबरोबर सासूबाईही हळूहळू खाली जात होत्या.

"कसं वाटतंय?" तिने विचारलं.

"हवा मानवते हो इथली," सासूबाई म्हणाल्या आणि दोन्ही हातांनी गुडघे चोळू लागल्या. "पोरांना मजा येते, ते बघूनच माझं पोट भरतं."

पोरं मजा करत होती. थोरला पाण्यात गुडघाभर उभा राहून, पाठीचा कणा सरकारी शिपायासारखा ताठ ठेवून, लाटेची वाट बघत होता. आईचं लक्ष गेलं की तो हात उंचावून 'हू!' करी. लक्ष हटलं की घड्याळ बघे. धाकटीने डोक्यापासून पायापर्यंत स्वतःला चादरीत गुंडाळून घेतलं होतं. नुसते डोळे उघडे. "ऊन छान आहे, आई," चादरीतून आवाज आला. आणि लिफ्टवाला पायातल्या बुटांसकट वाळूवर उभा होता, गरम तव्यावर उभं केल्यासारखा.

तिला एकदम हसू फुटलं. ते लपवायला तिने पदर तोंडाशी धरला, तर धाकटी चादरीतून म्हणाली, "बघ दादा, किती खूश आहे."

हसता हसता तिला आजवरच्या सगळ्या सुट्ट्या आठवल्या. एका वर्षी नवऱ्याने जवळचा रस्ता काढला होता. त्या जवळच्या रस्त्याने ते एका कोंबड्या पाळणाऱ्याच्या अंगणात पोचले, आणि नवरा कोणालाही वाट विचारायला तयार नसल्यामुळे "इथेच जेवायला थांबायचं ठरलं होतं" असं त्याने सगळ्यांना, कोंबडीवाल्यालासुद्धा, सांगितलं. आणि तो पिशवीचा प्रकार! सुट्टीच्या आदल्या दिवशी तिने गिऱ्हाइकांच्या कपड्यांची पिशवी घरी आणली होती आणि सकाळच्या गडबडीत आपल्या कपड्यांच्या पिशवीऐवजी तीच गाडीत गेली. इथे येऊन उघडतात तो काय, कुणाचा तरी लग्नातला कोट, कुणाच्या बैठकीचे पडदे आणि कुठल्याशा वाद्यवृंदाचे लाल गणवेश. आठवडाभर नवरा लग्नाचा कोट घालून मासे आणायला जात होता. पोरं वाद्यवृंदात भरती. सासूबाईंनी पडदा नेसला, आणि वर म्हणाल्या, "कापड चांगलं आहे हो, कुठून घेतलं विचार त्यांना." परत गेल्यावर तिने ते सगळं रात्रीतून धुतलं, इस्त्री केलं. कोटवाला कोट घ्यायला आला तेव्हा नाक लावून म्हणाला, "याला मासळीचा वास कसा?" ती काउंटरच्या कोपऱ्याकडे बघत म्हणाली, "तो आधीचाच आहे."

यातल्या एकाही आठवणीत समुद्र नव्हता. हे तिच्या लक्षात आलं आणि तिचं हसू जरा आत गेलं.

कारण आज संध्याकाळी घरमालकीण येणार होती. उद्या निघायचं, म्हणून आज ती पुढच्या वर्षीचं विचारायला यायची. दर वर्षीचीच रीत. आणि मग सगळे एका सुरात 'म्हणजे काय, येणारच!' म्हणायचे. खरं बोललं तर बिचाऱ्यांची वाळूतून सुटका होईल. पण सुटका झाली की हा आठवडाही सुटेल. एरवी थोरला आला तर धाकटीला ड्यूटी असते. धाकटी मोकळी, तर पुलाचं काम अडलेलं. हा एकच आठवडा असा, की ज्यात जेवताना पाचही ताटं भरतात. आईसाठी यायचंच, या एका खोटेपणावर तो तरला होता. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी तिची गत झाली. 'मिठाची गुळणी धरलेली बरी,' तिने ठरवलं. समुद्राच्या काठी मीठ तरी फुकटचं.

दिवेलागणीला मालकीण आली. खोलीत दोन खाटा आणि एक टेबल, त्यातच पाच जण पत्ते घेऊन बसले होते. सासूबाई उघडपणे थोरल्याचे पत्ते बघून खेळत होत्या आणि त्याबद्दल त्यांचं म्हणणं असं, की माझे डोळे अधू आहेत, मला दिसतच नाही.

"बसा मावशी," आई म्हणाली.

मावशी बसल्या नाहीत. दाराची कडी चाचपत उभ्या राहिल्या.

"पुढच्या वर्षीचं ना? म्हणजे काय, येणारच!" नवऱ्याने सुरुवात केली.

"येणारच!" थोरला म्हणाला.

"आईला करमणारच नाही हो इथं आल्याशिवाय," धाकटी.

मावशींचा चेहरा पार पडला. "अगं बाई, आता कसं सांगू? रागावू नका. खोल्या बंद करतेय मी. माझी बहीण कधीची बोलावतेय राहायला. गेल्याच वर्षी जाणार होते, पण म्हटलं, या लोकांना एवढा आवडतो समुद्र, कुठल्या तोंडाने सांगायचं?"



"अरेरे!" नवरा म्हणाला. शब्द बरोबर होता, पण चेहरा मात्र अडकलेल्या लिफ्टमधून नुकतंच बाहेर काढलेल्या माणसासारखा उजळला होता. धाकटीने ते पाहिलं. थोरल्याने धाकटीकडे पाहिलं. कुणी कुणाची नजर धरेना. इतक्यात सासूबाईंनी हातातले पत्ते खाटेवर टाकले.

"सुटले बाई माझे गुडघे!"

"आई!" नवरा ओरडला. "तुला हवा मानवते ना?"

"काय कपाळ मानवते! तुझ्या पोरांसाठी रुतून बसत होते वाळूत."

"आमच्यासाठी?" थोरला उठून उभाच राहिला. "आजी, आम्ही आईसाठी येत होतो!"

"आणि बाबा?" धाकटीने विचारलं.

"मला विचारू नका," नवरा म्हणाला. "मला वाळू पायाला लागली की शिसारी येते. पण तुमच्या आईचा आनंद बघून..."

"माझा आनंद!" आई म्हणाली. "अहो, इथं टॉवेल वाळत नाही हो!"

मग जो हशा उसळला, त्याला आवरच राहिला नाही. थोरल्याने ढेकणांची तक्रार मावशींच्या तोंडावर केली. धाकटी खाटेवर लोळत "वाळू गिळली मी, वर्षानुवर्षं वाळू!" म्हणत राहिली. मावशी डोळे पुसत म्हणाल्या, "मेल्यांनो, आधी सांगायचं नाही? मला तरी कुठं आवडतो? जन्म गेला त्याच्या शेजारी, घरात एक खिळा गंजल्यावाचून राहिला नाही!"

"म्हणूनच!" लिफ्टवाला कृतज्ञतेने म्हणाला.

मावशी हसतच गेल्या. जिन्यावरून खाली जातानाही त्यांचं हसू ऐकू येत होतं. मग तेही थांबलं.

थोरल्याने पत्ते गोळा केले. नीट गड्डी केली, पुन्हा मोडली, पुन्हा केली.

"मग," तो म्हणाला, "पुढच्या वर्षी... बघू."

"बघू," धाकटी म्हणाली. "ड्यूटी कशी लागते त्यावर."

"बघू की," नवरा म्हणाला. "फोन आहेतच."

सासूबाईंनी नातीचा पाय आपल्या मांडीवर ओढून घेतला.

आईला तो 'बघू' चांगला ओळखीचा होता. 'बघू, नेईन सवडीने' म्हणून गेलेल्या गिऱ्हाइकांचे कपडे लाँड्रीच्या सगळ्यात वरच्या फळीवर ठेवलेले असतात. धुतलेले, घडी केलेले, नावाची चिठ्ठी लावलेले. त्यांच्याकडे कुणी फिरकत नाही.

ती उठली. दार उघडंच होतं, ते तिने लोटून घेतलं आणि पाठीने टेकून उभी राहिली.

"बघू-बिघू काही नाही," ती म्हणाली. आवाज भांडखोर निघाला. तिला तसा काढायचा नव्हता. "कोंबडीवाल्याच्या अंगणात जाऊ. नाहीतर घरीच खाटा जोडून झोपू. मला समुद्र कधी नकोच होता रे. मला तुम्ही चौघं असे एका खोलीत कोंडलेले हवे असता. दुसरीकडे जायला जागाच नाही, असे."